‘आमचो म्हातारो’ ही शिवी आहे का?

देवगड तालुक्यातल्या एका वाडीचं मंडळ यंदा गणपतीत गावातल्या सत्तरीपुढच्या माणसांचा सत्कार करणार आहे. पत्रिकेचा मजकूर ठरला, ‘वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांचा सत्कार’. तो मुंबईच्या चाकरमान्यांकडे गेल्यावर तिकडून फोन आला, की ‘म्हातारा’ हा अपमान आहे, ‘ज्येष्ठ नागरिक’ घाला. वाडीतल्यांना ‘ज्येष्ठ नागरिक’ म्हणजे एसटीतली पाटी वाटते. मंडळाच्या चिटणिसांनी मला दोन प्रश्न विचारलेत. ‘म्हातारा’ हा शब्द मुळात वाईट आहे का, आणि पत्रिकेत छापायचं काय?

मी गेली अठ्ठावीस वर्षं रत्नागिरीत बसून आरोग्याची पत्रकं, योजनांचे अर्ज, बँकांची माहितीपत्रकं यांचं भाषांतर आणि मुद्रितशोधन करते. माहेर वेंगुर्ल्याकडचं, त्यामुळे कानात मालवणी आणि हातात प्रमाण मराठी. म्हाताऱ्या माणसांना काय म्हणायचं यावरून माझी जितकी भांडणं झाली आहेत, तितकी ऱ्हस्व-दीर्घावरूनही झालेली नाहीत.

सरळ उत्तर आधी देते. शब्द वाईट नाही. तरीही पत्रिकेत मी तो छापणार नाही. का, ते सांगायला जरा मागे जावं लागेल.

‘म्हातारा’चं मूळ ‘महत्तर’. महत् म्हणजे मोठा, महत्तर म्हणजे त्याहून मोठा. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत गाव किंवा जमीन दान दिली की ती खबर कोणाकोणाला द्यायची याची एक ठरावीक यादी येते. राष्ट्रपती, विषयपती, ग्रामकूट (म्हणजे प्रांताचा, जिल्ह्याचा, गावाचा प्रमुख) अशी उतरत उतरत ती ‘महत्तर आदी’पर्यंत पोचते. म्हणजे गावात ज्यांच्या शब्दाला वजन, ती मोठी माणसं. पुढे लोकांच्या तोंडात शब्द झिजला आणि ‘मह’चा ‘म्ह’ झाला, जसा तो ‘महिषी’ची ‘म्हैस’ होताना झाला. वजनदार माणसं बहुधा वयानेही मोठी, म्हणून हळूहळू वय तेवढं शब्दात उरलं आणि अधिकार गळून गेला. रायगड-ठाण्याकडचं म्हात्रे हे आडनाव याच घरातलं मानतात. अलिबागेत कोणाला ‘अहो म्हात्रे’ म्हटलं तर तो रागावत नाही, वळून बघतो.

ही गोष्ट एकट्या ‘म्हातारा’ची नाही. वयाने मोठ्या माणसासाठी आपण वापरतो त्यांतले कितीतरी शब्द मुळात नुसत्या मोठेपणाचे आहेत. ‘वडील’मध्ये हिंदीतल्या ‘बड़ा’चाच भाऊबंद बसलेला आहे. वडील भाऊ, वडील शाखा, वाडवडील यांत तो जुना अर्थ अजून शाबूत आहे, नुसत्या ‘वडील’चा मात्र बाप झाला. थोर म्हणजे मोठा, त्याचा थोरला. फारसीतून आलेला बुजुर्ग तिकडेही ‘मोठा’च होता. ‘वृद्ध’ हा तर वाढण्याचा शब्द. संस्कृत ‘वृध्’ म्हणजे वाढणे, वृद्ध म्हणजे वाढलेला. आपलं ‘वाढणं’ही त्याच धातूचं, म्हणजे नातवाचा वाढदिवस आणि आजोबांचं वार्धक्य एकाच मुळावर आलेले फुटवे आहेत.

मुंबईच्या मंडळींना ‘ज्येष्ठ’ हवा आहे, म्हणून त्याचीही गंमत सांगते. पाणिनीच्या पाचव्या अध्यायात ‘वृद्धस्य च’ असं एक सूत्र आहे. ‘वृद्ध’ला तर-तम भाव दाखवणारा प्रत्यय लागला की त्या जागी ‘ज्य’ येतो, आणि त्यातून ज्येष्ठ. म्हणजे व्याकरणाने पाहिलं तर ज्येष्ठ म्हणजे सगळ्यांत वृद्ध! म्हाताऱ्याला म्हातारा म्हणू नका, त्याला सर्वांत म्हातारा म्हणा, असा त्या फोनचा अर्थ झाला. (ज्येष्ठमधाचा या ज्येष्ठाशी काही संबंध नाही, बरं का. तो यष्टिमधू, म्हणजे गोड काडी. लोकांनी कानाला सोयीचं रूप दिलं.)

आणि सगळ्यांत वाईट शब्द कुठला? ‘थेरडा’. तो मी कोणाच्याच बाबतीत वापरू देणार नाही. पण त्याचं मूळ सगळ्यांत उंचावरचं आहे. संस्कृत स्थविर, त्याचं प्राकृतात थेर. बौद्ध संघातला अनुभवी, मान्यवर भिक्षू म्हणजे थेर. थेरवाद, थेरगाथा, थेरीगाथा हे शब्द तिथलेच. आपल्याच उत्तर कोकणात, मुंबईतल्या कान्हेरीच्या लेण्यांतल्या प्राकृत लेखांत हा ‘थेर’ आदराने कोरलेला आहे. त्याला ‘डा’ लागला आणि तो शिवी झाला. मूळ दाखवून कोणी ‘थेरडा’ म्हणजे पूज्य असं सांगू लागला, तर त्याला कोणी ऐकून घेणार नाही. तेव्हा ‘म्हातारा’ महत्तरापासून आला म्हणून तो आदराचा, असं मीही म्हणत नाही. व्युत्पत्ती शब्दाचा जन्मदाखला देते, चारित्र्याचा दाखला देत नाही. तो रोजच्या बोलण्यातून मिळतो.

आणि बोलण्यात कोकणची बाजू पक्की आहे.

‘आमचो म्हातारो अजून माडार चढता, आयकना नाय.’ हे वाक्य सून सासऱ्याबद्दल बोलते, बायको नवऱ्याबद्दल बोलते, पन्नाशीचा मुलगा बापाबद्दल बोलतो. यात तक्रार आहे, काळजी आहे आणि सगळ्यात जास्त कौतुक आहे. बाजारात भेटलेला माणूस ‘तुमचो म्हातारो बरो आसा मां?’ असं विचारतो, तेव्हा तो घरच्यासारखी चौकशी करत असतो. ‘म्हातारी आसा म्हणान घरात दिवो लागता’ हे तर दहा घरांतली सहा घरं बंद असलेल्या कुठल्याही वाडीत ऐकू येईल. त्या ‘म्हातारी’च्या जागी ‘ज्येष्ठ महिला नागरिक’ घालून बघा. दिवा विझतोच.

पण हाच शब्द संबोधन झाला की दात दाखवतो. ‘ए म्हाताऱ्या, बाजूक हो’ हे परक्याने म्हटलं तर ती मारामारीची तयारी. म्हणून पहिली खूणगाठ अशी, की कोकणात म्हातारा हा शब्द माणसाबद्दल बोलायला चालतो, माणसाशी बोलायला नाही. आणि बद्दल बोलतानाही त्यापुढे ‘आमचो’ किंवा ‘तुमचो’ असावं लागतं. ते नातं दाखवणारं सर्वनाम काढलं की शब्द उघडा पडतो.

दुसरी खूण वचनात आहे. ‘म्हातारा झोपलाय’ आणि ‘म्हातारे झोपलेत’ यांत माणूस एकच, पण दुसऱ्या वाक्यात त्याच्या अंगावर शाल आली. तिसरी खूण मला फार आवडते, ती नपुंसकलिंगाची. ‘घरात म्हातारं माणूस आहे, आवाज कमी करा.’ ‘म्हातारं माणूस एकटंच राहतं तिथे.’ इथे बाई की बाप्या ते सांगायची गरजच नसते. ‘माणूस’ नपुंसकलिंगी झाला की मराठीत एक माया येते, जशी ‘लेकरू’त असते. ही सोय दुसऱ्या भाषेतून आणता येत नाही, म्हणून मी पत्रकांत ती मुद्दाम वापरते. ‘म्हातारं माणूस पडलं तर लगेच उठवू नका, आधी कुठे दुखतंय ते विचारा,’ असं वाक्य मी एका पत्रकात लिहिलं होतं. वरच्या साहेबांनी त्याचं ‘वृद्ध व्यक्ती कोसळल्यास त्वरित उचलू नये’ केलं. माझ्या मते ते वाचून कोणाचंच हाड वाचलं नसेल, पण ते असो.

बायकांच्या बाबतीत मात्र भाषा कंजूष आहे. म्हाताऱ्याला आदरार्थी बहुवचन मिळतं, म्हातारीला मिळत नाही. ‘म्हाताऱ्या आल्या’ म्हटलं की दोन-तीन जणी आल्या असं वाटतं. मग ‘म्हातारीबाई’ म्हणावं लागतं किंवा थेट ‘आजी’कडे वळावं लागतं. उलट गोष्टींत आणि खेळांत म्हातारीचीच चलती आहे. भोपळ्यात बसून लेकीकडून परत येणारी ती चतुर बाई म्हातारीच आहे. रुईचं बोंड फुटून कापूस उडायला लागला की पोरं ‘म्हातारी, म्हातारी’ करत मागे धावतात. जत्रेतली गुलाबी साखरेची जाळी म्हणजे म्हातारीचे केस. या म्हाताऱ्यांवर कोणी आक्षेप घेतलेला मी ऐकला नाही.

म्हणींतला म्हातारा तितका सुखी नाही. ‘म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो’ ही म्हण लोक सर्रास म्हणतात आणि पहिल्या अर्ध्या भागात काय बोललो तिकडे लक्षही देत नाहीत. ‘साठी बुद्धी नाठी’, म्हातारचळ, हे सगळं आहे. सत्काराच्या भाषणात यांतलं काही गमतीने म्हणायचा मोह वक्त्यांना होतो. तो आवरायला सांगा.

आता ‘वृद्ध’बद्दल एक अनुभव. बऱ्याच वर्षांपूर्वी एका खाडीकाठच्या गावात डोळे तपासायचं शिबिर होतं. पत्रक माझं. मी लिहिलं, ‘वृद्धांसाठी मोफत नेत्रतपासणी’. शब्द शुद्ध, मजकूर नेमका, आणि माणसं आली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. शाळेच्या पडवीत बसलेल्या दोन आज्यांना मी विचारलं, तुम्ही आत का जात नाही? त्यांतली एक म्हणाली, ‘वृद्ध म्हणजे ते आश्रमातले. आमका झील आसत.’ झील म्हणजे मुलगे. त्यांच्या लेखी ‘वृद्ध’ हा शब्द एकट्याने राहत नव्हता, तो ‘वृद्धाश्रमा’त राहत होता. पुढच्या खेपेला पत्रकावर मी लिहिलं, ‘साठीच्या पुढच्या सगळ्यांचे डोळे तपासणार, मोतीबिंदू आहे का ते सांगणार’. त्या वेळी पडवी भरली. सगळं श्रेय शब्दाला देत नाही, त्या आठवड्यात पाऊसही उघडला होता. पण तेव्हापासून मी ‘वृद्ध’ फक्त ‘वयोवृद्ध’ या जोडशब्दात वापरते, तोही बातमीत.

हिंदीतून भाषांतर करणाऱ्यांसाठी एक धोक्याची सूचना इथेच देऊन ठेवते. ‘वयस्क’ हिंदीत अठरा वर्षं पूर्ण झालेला, मराठीत म्हातारपणाकडे झुकलेला. हिंदी औषधपत्रकातला ‘वयस्कों के लिए’ मराठीत जसाच्या तसा ‘वयस्कांसाठी’ झालेला मी डोळ्यांनी पाहिला आहे. तिथे ‘प्रौढांसाठी’ हवं. औषधाच्या मात्रेची गोष्ट आहे, चुकून चालत नाही.

‘ज्येष्ठ नागरिक’ या जोडीवर माझा राग नाही. हा कायद्याचा आणि हिशोबाचा शब्द आहे, त्याच्या जागी तो उत्तम आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा केंद्रीय कायदा साठ वर्षं पूर्ण झालेल्याला ज्येष्ठ नागरिक धरतो. आयकरवाले साठीला ज्येष्ठ म्हणतात आणि ऐंशीला अतिज्येष्ठ. एसटीत पासष्टीला अर्धं तिकीट, आणि २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्याला तिकीटच नाही, त्या योजनेचं नाव अमृत ज्येष्ठ नागरिक. रेल्वेत सवलत होती तेव्हा पुरुष साठीला ज्येष्ठ होत आणि बायका अठ्ठावन्नाव्या वर्षीच. मार्च २०२० मध्ये ती सवलतच थांबली. म्हणजे एकच माणूस आयकराला ज्येष्ठ, कंडक्टरला नाही. म्हाताऱ्याचं असं नसतं. तो कधी झाला ते त्याचे गुडघे सांगतात.

शिवाय ‘नागरिक’ हा नगरातला माणूस. वाडीतल्या माणसाला, ज्याने जन्मभर नगरपरिषदेचं तोंड पाहिलं नाही, त्याला आपण सत्तराव्या वर्षी नागरिक करतो. हे मी थोडं चेष्टेने म्हणतेय. पण वाडीतल्या लोकांना तो शब्द एसटीतली पाटी का वाटतो, याचं कारण थोडंफार इथेच आहे. तो खिडकीवरून, काउंटरवरून आला आहे, ओटीवरून आलेला नाही. सरकारी शब्दाला ओटीवर बसवायला लोक आपली युक्ती करतात. श्रावणबाळ योजनेचे पैसे यायचे असले की आमच्याकडच्या आजी विचारतात, ‘श्रावणबाळ इलो काय?’ नाव मुलाचं, पैसे सरकारचे, आणि वाट मात्र खरोखरच्या मुलाची बघावी तशी बघतात.

किनाऱ्याच्या दोन टोकांना काय म्हणतात तेही बघा, कारण पत्रिकेचं उत्तर मला त्यातच सापडलं. वर डहाणू-पालघरकडे डोकरा आणि डोकरी. गुजरातीत डोकरो, सीमा जवळ असल्याची खूण. तिथल्या रोजच्या बोलण्यात तो साधा शब्द आहे, मात्र रत्नागिरीकर ऐकेल तर त्याला तो उद्धट वाटेल. खाली गोव्यात जा, कोंकणीत म्हातारो आहेच, पण आदराने बोलताना जाण्टो, जाण्टी, अनेकवचनी जाण्टे. हा ‘जाण्टो’ आपल्या ‘जाणता’शेजारी ठेवून पाहा. मराठीत ‘मुलगी जाणती झाली’ म्हणजे वयात आली, आणि ‘गावातले जाणते’ म्हणजे ज्यांना विचारल्याशिवाय पालखी हलत नाही ते. एकच शब्द आयुष्याच्या दोन उंबरठ्यांवर उभा आहे. आपल्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालणारा माणूस बहुतेक वेळा जाणताच असतो, आणि बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात.

म्हणून माझी सूचना: ‘वाडीतल्या जुन्याजाणत्या माणसांचा सत्कार’. ‘जुना’ हा एरवी वस्तूंचा शब्द, पण ‘जुनेजाणते’ या जोडीत तो माणसावर शोभतो. वय आलं, अनुभव आला, आणि मुंबईकरांच्या कानालाही खटकायला नको. ‘म्हातारा’ मी का घेत नाही ते आता स्पष्ट झालं असेल. त्याला ‘आमचो’ लागतं, आवाज लागतो, बोलणाऱ्याचं तोंड दिसावं लागतं. छापील कागदावर यांतलं काहीच नसतं. तोच कागद व्हॉट्सअॅपवरून बोरिवलीला पोचला की तिथल्या सुनेला फक्त अक्षरं दिसतात. मायक्रोफोनवर मात्र वाडीतल्याच कोणी ‘आमचे म्हातारे’ म्हटलं, तर हसू येईल आणि टाळ्याही पडतील. अट एकच. म्हणणारा स्वतः पन्नाशीच्या पुढचा असावा. पंचविशीतल्या निवेदकाने ते करू नये.

‘आजी-आजोबांचा सत्कार’ असंही एकाने सुचवल्याचं तुम्ही लिहिलंय. सत्तरीपुढच्यांना ते चालेल. पुढे कधी वय खाली आणून साठीवर नेलंत, तर बासष्टाव्या वर्षी बोट घेऊन समुद्रात जाणारा माणूस त्याला आजोबा म्हटलेलं ऐकून घेणार नाही. आणि ज्यांचा संसार झाला नाही, मूल झालं नाही, अशी माणसंही वाडीत असतात. समोर बोलताना त्यांना तात्या, नाना, आबा, मावशी, काकी, जे रोज म्हणता तेच म्हणा. नावांच्या यादीत सौ. आणि श्रीमती यांची वर्गवारी करू नका. आपल्याकडे ‘श्रीमती’ वाचलं की लोक लगेच नवरा नाही असं समजतात, आणि कोणाचा नवरा आहे-नाही हे सत्काराच्या पत्रिकेने गावभर सांगायची गरज नाही. नुसतं नाव छापा, पुढे कंसात वाडीत म्हणतात ते नाव. वाचणाऱ्यालाही माणूस त्याशिवाय ओळखू येत नाही.

राहिला वयाचा रकाना. ‘सत्तरीपुढचे’ एवढंच छापा आणि जन्मतारखेचा दाखला मागू नका. आधारकार्डावर अनेकांची जन्मतारीख एक जानेवारी किंवा एक जून असते, ती शाळेतल्या मास्तरांनी नाहीतर कार्ड काढणाऱ्याने दिलेली. खरं वय विचारायचं तर प्रसंग विचारावा लागतो. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुम्ही केवढे होता? तो ११ डिसेंबर १९६७. त्याहून मोठ्यांना रामदास बोटीचं विचारा. मुंबईहून रेवसला निघालेली ती बोट १७ जुलै १९४७ ला काश्याच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेवर माणसं गेली. मागच्या वर्षी एका अर्जासाठी मी एका आजोबांना जन्मसाल विचारलं, तर ते म्हणाले, ‘रामदास बुडली तेव्हा मी पाळण्यात होतंय.’ रकाना चार आकडी होता. मी १९४६ लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली, मग बोटीची सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली, जी त्यांनीही त्यांच्या आजोबांकडून ऐकलेली होती.